गाडी गरम झाली की न्यूट्रल लागत नाही: इंजिन खोलण्याआधी घरी काय पाहायचं

प्रश्न थोडक्यात असा. दीडशे सीसीची पाच गिअरची गाडी, ६२ हजार किलोमीटर झालेली, रोज हडपसर ते हिंजवडी आणि परत. सकाळी निघताना सगळं ठीक. अर्ध्या तासाने सिग्नलला थांबलं की न्यूट्रल सापडत नाही, पहिल्यावरून थेट दुसरा पडतो. लागलाच न्यूट्रल, तर पुन्हा पहिला टाकताना ‘खाड्’ आवाज होतो आणि गाडी पुढे झेपावते. गॅरेजवाल्याने एक चक्कर मारली आणि सांगितलं, गिअरबॉक्स गेलाय, इंजिन खोलावं लागेल, नऊ हजार धरून चला. त्याआधी घरी काही करून बघता येईल का?

येईल. आणि तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून माझा कौल असा की गिअरबॉक्सला बहुधा काहीही झालेलं नाही. तुमचा क्लच पूर्ण सुटत नाहीये. गिअरची तक्रार घेऊन येणाऱ्या दहा गाड्यांतल्या सात-आठांचं दुखणं गिअरच्या बाहेर असतं, हा माझा तीस वर्षांचा हाताखालचा अनुभव आहे. क्लचची वायर, ऑइल, गिअर लिव्हर, चेन. गिअरची पेटी उघडायची वेळ क्वचित येते.

गाडी समोर नसताना मी हे कशावरून म्हणतो? गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न विचारतो: त्रास एकाच गिअरला आहे की सगळ्यांना? फक्त दुसरा सुटतो, फक्त चौथा पडत नाही, असं असेल तर दुखणं आत आहे, कारण प्रत्येक गिअरची चक्रं आत वेगवेगळी असतात. सगळेच गिअर जड, न्यूट्रल अवघड, पहिल्याला झटका, असं असेल तर सगळ्यांना सामाईक असलेलं काहीतरी बिघडलंय. सामाईक म्हणजे क्लच, ऑइल आणि पायाखालचा लिव्हर. दुसरा प्रश्न: गार असताना होतं की गरम झाल्यावर? गिअरचे झिजलेले दाते सकाळी बरे आणि दुपारी खराब असं करत नाहीत. क्लच मात्र तसं करतो.

न्यूट्रल का सापडत नाही ते एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. तुमच्या गाडीत गिअरची चक्रं कायम एकमेकांत अडकलेलीच असतात. गिअर टाकताना चक्र बाजूला सरकतं आणि त्याच्या अंगावरचे ठोकळ्यासारखे दाते शेजारच्या चक्रातल्या खाचेत शिरतात. या ठोकळ्यांना आम्ही डॉग म्हणतो. इंजिनाचा जोर चालू असतो तोवर हे डॉग एकमेकांना घट्ट दाबून धरतात. क्लच दाबला की जोर जातो, डॉग ढिले पडतात आणि पायाच्या हलक्या टिचकीने सुटतात. आता क्लच ऐंशी टक्केच सुटला तर? उरलेला वीस टक्के जोर डॉग धरून ठेवतो. तुम्ही पाय जरा जोरात मारता. न्यूट्रल असतो पहिल्या-दुसऱ्याच्या मधे, अर्ध्या टप्प्यावर. जोर जास्त झाला की टप्पा ओलांडून थेट दुसरा पडतो. उलट न्यूट्रलवरून पहिला टाकताना आतला शाफ्ट अजून फिरत असतो, थांबलेल्या चक्रावर फिरते डॉग आदळतात, तोच तुमचा ‘खाड्’. तुमच्या दोन्ही तक्रारी एकाच गोष्टीच्या आहेत.

सकाळी पहिल्यांदा गिअर टाकताना एकदा ‘टक्’ होणं मात्र अगदी सामान्य आहे. रात्रभरात ऑइलने क्लचमधल्या प्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

रविवारी सकाळी, गाडी गार असताना, पहिली चाचणी करा. गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद, चावी बंद. डाव्या बाजूला गुडघा टेकून बसा. उजव्या हाताने मागचं चाक पुढे फिरवत राहा आणि डाव्या हाताने गिअर लिव्हर दाबा. पायाने नको, हातानेच, कारण पायाला कळत नाही ते तळव्याला कळतं. तुमच्या गाडीत पहिला खाली आणि बाकीचे चार वर. (स्प्लेंडरवाले हे वाचत असतील तर तुमचे चारही पुढे दाबूनच पडतात, गोंधळू नका.) चाक फिरतं ठेवून पहिला टाका, मग एकेक करून पाचवीपर्यंत जा, मग एकेक करून खाली या. प्रत्येक वेळी तळव्याला एक स्वच्छ टक् लागला पाहिजे आणि लिव्हर सोडला की तो नेमका जुन्याच जागी परत आला पाहिजे. पहिल्या गिअरला चाक जड लागेल, वरच्या गिअरला हलकं, म्हणजे गिअर खरोखर बदलतायत हेही कळतं. पाचही गिअर असे पडले, तर गिअरचा ड्रम आणि फोर्क (चक्रं सरकवणारे भाग), रिटर्न स्प्रिंग (लिव्हर जागेवर आणणारी) यांची तब्येत बरी आहे असं समजा. ऑफिसला जाताना जे त्रास देतात तेच गिअर इथे लोण्यासारखे पडले, तर गुन्हेगार क्लच.

इथे एक गंमत. पुष्कळ लोक गाडी उभी ठेवून, चाक न फिरवता, इंजिन बंद असताना पायाने गिअर दाबून बघतात. दुसऱ्याच्या पुढे काही पडत नाही, मग घाबरून फोन करतात. डॉग समोरासमोर आले की खाचेत शिरणार कसे? चाक जरा फिरवलं की शिरतात. सिग्नलवर पहिला पडत नसेल तेव्हाही हीच युक्ती. क्लच सोडून पुन्हा दाबा किंवा गाडी वीतभर पुढे ढकला. लाथा घालू नका.

दुसरी चाचणी गाडी गरम करून. अर्धा तास फिरवून आणा, पुन्हा डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक जमिनीला लागत नाही याची खात्री करा. समोर कुणी उभं नको. क्लच पूर्ण दाबून पहिला टाका आणि क्लच दाबलेलाच ठेवा. मागचं चाक हळू फिरेल, तेवढं चालतं, ऑइलच्या ओढीने फिरतं. आता मागचा ब्रेक हलकेच दाबा. चाक थांबलं आणि इंजिन आपल्या लयीत चालू राहिलं तर क्लच सुटतोय. ब्रेक लावताच इंजिनाचा आवाज दबला किंवा ते बंदच पडलं, तर क्लच धरून ठेवतोय. हे करताना चेनजवळ हात, फडकं, ओढणी काहीही नको. चालू इंजिनावर चेन पुसायला गेलेल्या एका पोराची दोन बोटं स्प्रॉकेटमधे, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात, गेलेली मी स्वतः पाहिली आहेत. चेनचं कुठलंही काम इंजिन बंद करूनच.

क्लच धरतोय असं निघालं की आधी वायर. ती शे-दोनशे रुपयांची वस्तू आहे आणि तिच्यापायी मी लोकांना हजारोंचं काम करून आलेलं पाहिलंय.

क्लच लिव्हर दाबायला सुरुवात केली की सुरुवातीचं थोडं अंतर तो मोकळा येतो, मग वायरचा ताण लागतो. या मोकळ्या अंतराला प्ले म्हणतात. बहुतेक रोजच्या गाड्यांना लिव्हरच्या टोकापाशी हा प्ले १० ते २० मिलिमीटर असतो. तुमच्या गाडीचा आकडा कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असेल, तो धरा. शाळेची पट्टी लावून मोजा. प्ले पंचवीस-तीस मिलिमीटर निघाला तर लिव्हर पूर्ण दाबूनही आतल्या प्लेटा पुऱ्या वेगळ्या होत नाहीत. गार असताना मोजा आणि गरम झाल्यावर पुन्हा मोजा. इंजिन तापलं की केसिंग (इंजिनाचं बाहेरचं कवच), प्लेटा ढकलणारा दट्ट्या, प्लेटा सगळं थोडं थोडं फुगतं आणि प्ले बदलतो. गार असताना जेमतेम पुरणारं अंतर गरम झाल्यावर पुरत नाही, ही तुमच्या अर्ध्या तासाच्या कोड्याची सगळ्यात साधी उकल असू शकते.

वायरला प्ले सेट करायच्या जागा दोन असतात: एक वर लिव्हरपाशी, हाताने फिरणारी, दुसरी खाली इंजिनापाशी, दोन नटांची. लोक वरचीच फिरवत राहतात, तिचे आटे संपत आले की म्हणतात क्लच गेला. पद्धत अशी ठेवा. वरचा अॅडजस्टर पूर्ण आत घ्या. मग खाली १०-१२च्या पान्याने लॉकनट सैल करून मोठा फरक तिथे काढा, नट पक्का करा आणि शेवटचा दोन-चार मिलिमीटरचा बारीक हिशेब वर करा. वरच्या अॅडजस्टरला एक उभी चीर असते, ती लिव्हरच्या चिरेसमोर आणून ठेवू नका, वायर निसटते आणि पावसाचं पाणीही तिथूनच आत शिरतं. आता हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून प्ले पाहा. वळवल्यावर प्ले बदलत असेल तर वायर कुठेतरी ताणली जातेय, बहुधा हेडलाइटच्या मागे किंवा मोबाइल होल्डर बसवताना कुणीतरी तिला टायने आवळलेलं असतं.

एक इशारा. न्यूट्रल लागत नाही म्हणून चिडून प्ले शून्य करू नका. मग क्लच कायम थोडा दाबलेला राहतो, घाटात इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही, आणि जळका वास यायला लागतो. दोन-तीनशे किलोमीटरमधे चांगल्या प्लेटा मातीत जातात.

प्ले बरोबर आहे पण लिव्हर दाबायला करकरीत, सोडला की हळू परत येतो? मग वायर आतून गंजली. लिव्हरच्या टोकाचं मुंडकं आणि इंजिनाकडचं टोक दोन्ही उघडून बघा. एखादी जरी तार विसकटलेली दिसली तर ती वायर आता पाहुणी आहे, नवीनच टाका. तारा शाबूत असतील तर ऑइल पाजा. वायरचं वरचं टोक सोडवा, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून त्यात ते घाला, रबरबँडने घट्ट बांधा, पिशवीत दोन चमचे इंजिन ऑइल ओता आणि रात्रभर टांगून ठेवा. सकाळी खालच्या टोकातून काळं, गंजाच्या रंगाचं ऑइल टपकलेलं दिसेल. स्वच्छ ऑइल टपकेपर्यंत चालू द्या. खाली कागद ठेवा, नाहीतर फरशीवरून घरात बोलणी खावी लागतात. वायरमधे ग्रीस कोंबू नका. वर्षभरात ते धूळ धरून घट्ट होतं. आणि काही नव्या वायरींना आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं, त्यांना ऑइल लागत नाही, त्या खराब झाल्या की बदलायच्या.

हँडलवरचा लिव्हरही तपासा. त्याच्या बोल्टाचं भोक लांबट झालेलं असतं, लिव्हर वर-खाली लटलटतो आणि तुमच्या ओढीतले काही मिलिमीटर तिथेच वाया जातात. गाडी कधी डावीकडे पडली होती का? वाकलेला लिव्हर हँडलला आधी टेकतो आणि ओढ अपुरी राहते. मध्यंतरी एक मुलगा आला, महिनाभर न्यूट्रलच्या मागे होता, वायर बदलून झाली, ऑइल बदलून झालं. त्याने हौसेने जाड फोमचे ग्रिप चढवले होते. लिव्हर ग्रिपला टेकत होता, क्लच सुटणार कुठून? ग्रिप काढले, पैसे घेतले नाहीत, चहा मात्र त्याच्याकडून घेतला.

आता ऑइल. मोटरसायकलमधे इंजिन, क्लच आणि गिअर तिघांना एकच ऑइल असतं. (जुन्या बुलेटच्या गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असायचं, तो जमाना गेला.) त्यामुळे ऑइल थकलं की पहिली कुरकुर गिअर करतात, इंजिन नंतर. मला तर गिअर जरा दगडी लागायला लागले की किलोमीटर न बघता कळतं, ऑइलची वेळ झाली. पातळी आधी बघा. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा, मग बघा. काचेची खिडकी असेल तर दोन खुणांच्या मधे. काडी असेल तर पुसून नुसती टेकवायची की आटे आवळून बघायची हे गाडीगणिक बदलतं, पुस्तिकेत पाहा. इथे चूक झाली की पातळी खोटी दिसते. कमी ऑइल वाईटच, पण जास्त भरलेलंही चांगलं नाही.

कुठलं ऑइल? डब्याच्या मागे ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ असं छापलेलं हवं. ही खूण म्हणजे ऑइलमधे बुडालेल्या क्लचला ते चालतं याची हमी. ‘एमबी’ लिहिलेलं गिअरलेस स्कूटरसाठी, त्यात घर्षण कमी ठेवलेलं असतं आणि तुमच्या प्लेटा त्यात घसरतात. ऑइलचा जाडपणा २०डब्ल्यू-५० की १०डब्ल्यू-३० हे गाडी बनवणाऱ्याने ठरवलेलं आहे. मित्र काय टाकतो, यूट्यूबवाला काय म्हणतो, ते सोडा. हे मी शहाणपणाने सांगत नाही, शिकलोय ठेच खाऊन. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाच्या गाडीत मी कारचं उरलेलं महागडं ऑइल टाकलं होतं, वाटलं, महाग आहे म्हणजे भलं होईल. चार दिवसांनी तो परत आला, चढावर गाडी जागची हलेना. ऑइल दोनदा बदलूनही घसरणं थांबलं नाही, शेवटी क्लच प्लेट पदरच्या पैशाने घालून दिल्या.

ऑइल घरी बदलत असाल तर जुनं ऑइल पांढऱ्या बनियनच्या तुकड्यातून गाळा. चंदेरी भुकटी दिसली तर ती रोजची झीज आहे, काळजी नको. नखाएवढा चकाकता तुकडा सापडला तर मात्र तो कागदात गुंडाळून ठेवा आणि मेकॅनिकला दाखवा; गिअरचा दाता किंवा सर्कलिप (चक्र जागेवर धरणारी कडी) आत तुटली असू शकते. ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन घाला आणि बोल्ट आवळताना अंगातला पैलवान बाहेर काढू नका. खालचं केसिंग अॅल्युमिनियमचं आहे, आटे गेले की गिअरपेक्षा मोठं काम निघतं. काळं ऑइल गटारात नको. गावाकडे लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते चोपडतात. शहरात डब्यात भरून गॅरेजवर दिलं तर घेतात.

वायर आणि ऑइल बरोबर असूनही गिअर जड वाटत असतील तर पायाखालच्या गिअर लिव्हरकडे वळा. त्याचा १० नंबरचा बोल्ट सैल असेल तर आतले बारीक दाते खाल्ले जातात, मग तुमचा पाय हलतो आणि शाफ्ट हलत नाही. नुसता बोल्ट सैल असेल तर आवळा. दाते गुळगुळीत झालेत तर नवीन लिव्हर. वेल्डिंग मारून घेऊ नका, पुढच्या वेळी तो काढता येणार नाही. पडल्यामुळे लिव्हर आत वाकून केसिंगला घासत असेल तर तो काढून, बाकावर पकडून सरळ करा. गाडीवरच पाइप घालून ओढलात तर आतला शाफ्ट वाकतो आणि ऑइल सील गळायला लागतं ते वेगळंच. ज्या गाड्यांना लिव्हरपासून शाफ्टपर्यंत छोटा रॉड असतो त्याच्या दोन्ही टोकांचे सांधे पावसाळ्यानंतर चिखलाने घट्ट होतात. साफ करून थेंबभर ग्रीस पुरे.

आणि एक जागा जिथे कुणी बघत नाही: पुढच्या स्प्रॉकेटचं झाकण. दोन-तीन बोल्ट काढले की सुटतं. चेनचं वंगण आणि पावसाळ्यातला चिखल मिळून तिथे काळी वडी जमते, थापून सुकवलेल्या शेणीसारखी. गिअरचा शाफ्ट त्याच भागातून बाहेर येतो. ती वडी त्याला वेढून बसली की लिव्हर दाबला तर दबतो पण परत यायला आळस करतो, आणि परत आल्याशिवाय पुढचा गिअर पडत नाही. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढा, डिझेल आणि जुन्या टूथब्रशने धुवा. कोकणातल्या गाड्यांमधे मी यातून ओंजळभर माल काढलाय. पेट्रोल वापरू नका, भडकायचा धोका आहे. हे करूनही लिव्हर लुळा पडून राहत असेल, म्हणजे वर-खाली कसाही हलतो आणि जागेवर येत नाही, तर आत रिटर्न स्प्रिंग तुटलीय. ते काम गॅरेजचं, पण त्यासाठीसुद्धा बऱ्याच गाड्यांत अख्खं इंजिन फाडावं लागत नाही, क्लचकडचं झाकण उघडून होतं.

चेन आणि आयडलिंग थोडक्यात. चेन मधोमध बोटाने वर-खाली केली तर साधारण २० ते ३० मिलिमीटर हलावी. चाक फिरवून चार-पाच ठिकाणी बघा, कारण जुनी चेन एका जागी ताठ आणि एका जागी ढिली असते. ताठ जागा धरून सेट करा. आयडलिंग, म्हणजे थ्रॉटल न देता इंजिनाचे मिनिटाला फेरे, १८०० वर ठेवलं असेल तर पहिल्याला खाडकन आवाज होणारच, १२०० ते १४०० च्या आसपास आणा. कार्ब्युरेटर असेल तर स्क्रूने होतं. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा फ्युएल इंजेक्शन असतं, तिथे हात घालू नका. गिअर पडताना मागून ‘धप्प’ असा बसका आवाज येत असेल तर मागच्या चाकाच्या हबमधले (मधल्या भागातले) रबर दबलेत. चाक काढलं की हाताने निघतात. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून कोंबायची युक्ती सगळे करतात, मीही केलीय, महिना-दोन महिने चालते.

इथपर्यंत सगळं करूनही गरम गाडीची ब्रेकवाली चाचणी नापास झाली, तर क्लच उघडावा लागेल. तो घरी उघडावा का? हात बसलेला असेल तर हो. ऑइल काढायचं, किक आणि उजवीकडचं झाकण काढायचं, चार-पाच स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे सैल करत प्लेटा बाहेर घ्यायच्या. झाकणाचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागीच टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात आवळून केसिंग फोडलेली मंडळी मला माहीत आहेत. पोलादी प्लेट आरशाच्या काचेवर ठेवून कडेला बोट दाबा. खटखट वाजली तर ती वाकलीय. ट्रॅफिकमधे अर्ध्या क्लचवर गाडी रांगवली की प्लेटा तापून अशा वाकतात, आणि हडपसर-हिंजवडी म्हणजे अर्ध्या क्लचचीच यात्रा. मग क्लच हाउसिंगच्या (प्लेटा बसतात त्या डब्याच्या) उभ्या बोटांच्या आतल्या कडांवरून नख फिरवा. प्लेटांनी तिथे खाचा पाडलेल्या असतील तर नख अडकतं. प्लेटाही तिथेच अडकतात, सरकत नाहीत, आणि क्लच सुटत नाही. ६२ हजारांच्या गाडीत मला याचीच शंका जास्त आहे. हलक्या खाचा सपाट कानशीने घासून चालतात, पण त्यासाठी हाउसिंग बाहेर काढावं लागतं, म्हणजे धातूचा कण आत जायला नको. खोल असतील तर हाउसिंग बदला. हाउसिंग काढायचा मधला नट मात्र खास पान्याशिवाय निघत नाही. छिन्नी-हातोडीने मारणारे आहेत, तुम्ही त्यांच्यातले होऊ नका, तिथे थांबून गॅरेजला जा. नवीन क्लच प्लेट बसवण्याआधी काही तास ऑइलमधे बुडवून ठेवायच्या. कोरड्या बसवल्या की सुरुवातीलाच जळू शकतात. हे सगळं पहिल्यांदाच करणार असाल तर माझं ऐका, नका करू. क्लचचं काम गॅरेजमधे करून घेतलं तरी त्याचा खर्च इंजिन खोलण्याच्या निम्म्यालाही पोचत नाही.

गिअरबॉक्स खरोखर गेलेला असतो तेव्हा तो वेगळं बोलतो. चढावर जोर दिला की एकच ठरावीक गिअर आपोआप सुटतो, इंजिन एकदम ओरडतं. म्हणजे त्या गिअरचे डॉग गोल झालेत किंवा फोर्क वाकलाय. किंवा एकाच गिअरमधे खर्रर असा आवाज येतो, क्लच दाबला तरी. किंवा गाडी एका गिअरमधे अडकते आणि लिव्हर दगड होतो. यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. चौथ्या-पाचव्याच्या मधे कधीकधी रिकामा गिअर लागतो म्हणाला असतात, तर मी आधी तुमचा पाय बघितला असता, कारण अर्धवट दाबून लगेच पाय काढायची सवय पुष्कळांना असते.

गॅरेजवाल्याला जाऊन इतकंच म्हणा: आधी क्लचचं झाकण उघडा, प्लेटा आणि हाउसिंग मला दाखवा, मग पुढचं ठरवू. जुने सुटे भाग परत मागून घ्या. चांगला मेकॅनिक याला नाही म्हणत नाही.

आणि हे सगळं होईपर्यंत तुमची ती जुनी वायर मधेच तुटली, तर ट्रकवर गाडी चढवू नका. न्यूट्रलमधे चालू करा, दोन्ही पायांनी ढकलत चालण्याच्या वेगाला आणा आणि पहिला दाबा. एक झटका बसेल, गाडी निघेल. पुढचे गिअर टाकताना लिव्हरवर पायाचा हलका दाब ठेवा आणि थ्रॉटल क्षणभर सोडा, गिअर आपोआप आत जातो. (असा विनाक्लचचा गिअर स्वच्छ पडला, तर पेटी धडधाकट आहे याची ही आणखी एक खूण.) गर्दीचा रस्ता टाळा, सिग्नल लांबून बघून वेग आधीच कमी करा, आणि गाडी थांबायच्या आत, चाक फिरतंय तोवरच, पायाची हलकी टिचकी मारून न्यूट्रल करा.